‘सरळ रूप द्या’

गणिताच्या प्रश्नपत्रिकेंत ‘सरळ रूप द्या’ या तीन शब्दांइतके परिचित शब्द दुसरे क्वचितच असतील. प्राथमिक शाळेंतील अपूर्णांकांपासून हे शब्द विद्यार्थ्याच्या पाठीस लागतात, आणि वरच्या वर्गांत जाऊन तो लॉगरिथम, घातांक व व्यस्त त्रिकोणमितीय फलें यांच्याशीं झगडूं लागला तरी ते त्याची पाठ सोडीत नाहींत. बहुतेक विद्यार्थी या शब्दांचा अर्थ असा करितात कीं, लांबलचक राशि दिसली म्हणजे ती कशीतरी आंखूड करावयाची, आणि पुस्तकाच्या शेवटीं दिलेल्या उत्तराशीं आपलें उत्तर जुळलें कीं काम संपलें. हा अर्थ अपुरा तर आहेच, पण घातकही आहे, असें आमचें मत आहे. तेंच मत प्रस्तुत लेखांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. ज्या पालकांचा गणिताशीं संबंध सुटून बरींच वर्षें लोटलीं असतील, त्यांनीं लॉगरिथमचें नांव पाहून पान उलटूं नये. पुढें जें सांगावयाचें आहे तें घरच्या हिशेबासही लागू पडणारें आहे.

एका राशीच्या जागीं दुसरी सोपी राशि ठेवण्याचा अधिकार आपणांस केव्हां मिळतो? पहिल्या राशींत ज्या ज्या संख्या घालतां येतात, त्या सर्वांसाठीं दोन्ही राशींची किंमत एकच येत असेल तेव्हां. राशीचा पोशाख बदलावा, पण आंतील माणूस तोच राहिला पाहिजे. सूत्र कोणत्या संख्यांसाठीं खरें आहे हें सांगणारा जो भाग, त्यास आपण सूत्राची अट म्हणतों. पुस्तकांत ती बहुधा कंसांत किंवा बारीक टाइपांत छापलेली असते, आणि म्हणूनच कीं काय, ती वाचण्याचें कारण नाहीं अशी मुलांची समजूत होते. आमचें म्हणणें एवढेंच कीं, अट हा सूत्राचाच भाग आहे. ती गाळून पाठ केलेलें सूत्र अर्धें असतें, आणि अर्धें सूत्र पुष्कळदां खोटें ठरतें.

सोपें करण्याची इच्छा मुळांत वाईट आहे असें मात्र कोणीं समजूं नये. लॉगरिथमचा जन्मच श्रम वांचविण्यासाठीं झाला. स्कॉटलंडांत एडिंबरोजवळील मर्चिस्टन येथील जमीनदार जॉन नेपियर हे धंद्यानें गणिती नव्हते. १५९३ सालीं त्यांनीं पवित्र शास्त्रांतील प्रकटीकरणाच्या पुस्तकावर एक विवरणग्रंथ प्रसिद्ध केला होता. मोठमोठ्या संख्यांच्या गुणाकार-भागाकारांत खगोलशास्त्रज्ञांचा जो काळ जात असे तो वांचावा म्हणून त्यांनीं सुमारें वीस वर्षें परिश्रम केले, व १६१४ सालीं आपलीं कोष्टकें जगापुढें ठेविलीं. गुणाकाराच्या जागीं बेरीज आणि भागाकाराच्या जागीं वजाबाकी करून भागतें, हें त्या कोष्टकांचें मर्म होय. लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजांतील अध्यापक हेन्री ब्रिग्ज हे १६१५ सालीं नेपियर यांच्या भेटीसाठीं मुद्दाम एडिंबरोस गेले. दोघांच्या विचारविनिमयांतून १० हा पाया धरणारे लॉगरिथम निघाले, आणि १६२४ सालीं ब्रिग्ज यांनीं ३०,००० संख्यांचे लॉगरिथम चौदा दशांश स्थळांपर्यंत काढून प्रसिद्ध केले. केप्लर यांच्या १६२७ च्या रुडॉल्फीय कोष्टकांतही या नव्या साधनाचा उपयोग केलेला आहे.

ब्रिग्ज यांच्या त्या ग्रंथांत १ पासून २०,००० पर्यंतच्या व ९०,००० पासून १,००,००० पर्यंतच्या संख्या आहेत. ऋण संख्या एकही नाहीं. याचें कारण उघड आहे. लॉगरिथम म्हणजे घातांकच होय. १०० हा १० चा दुसरा घात, म्हणून १०० चा लॉगरिथम २. दहाचा कोणताही वास्तव घात केला तरी उत्तर धनच येतें. म्हणून शून्याला व ऋण संख्येला वास्तव लॉगरिथम नाहीं. ही एक गोष्ट ज्यानें ध्यानांत ठेविली त्याच्या निम्म्या चुका टळतील. लॉग २ व लॉग ३ यांची बेरीज कित्येक मुलें लॉग ५ अशी लिहितात. लॉग ५ ची किंमत ०·६९९० आहे, आणि त्या दोहोंची बेरीज ०·७७८२, म्हणजे लॉग ६ इतकी आहे. ही चूक कोष्टक उघडतांच सांपडते. परंतु ‘क्षच्या वर्गाचा लॉग = २ लॉग क्ष’ हें सूत्र पाहा. येथें चूक लपून बसते. क्षची किंमत −१० घेतली तर डावी बाजू लॉग १००, म्हणजे २ आहे. उजव्या बाजूस −१० चा लॉग काढावा लागतो, आणि तो वास्तव संख्यांत नाहींच. तेव्हां हें सूत्र क्ष धन असतांनाच खरें. क्ष ऋणही असूं शकत असेल, तर उजवीकडे क्षचें केवल मूल्य लिहिलें पाहिजे.

एवढ्याशा अटीनें काय बिघडतें, असें विचारणारांसाठीं दोन उदाहरणें देतों. पहिलें असें: लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १. दोन लॉगरिथम एकत्र केले म्हणजे क्ष गुणिलें (क्ष − ३) बरोबर १० असें वर्गसमीकरण मिळतें, आणि क्षच्या किंमती ५ व −२ येतात. ५ ही किंमत मूळ समीकरणांत घातली तर लॉग ५ + लॉग २ = लॉग १० = १, म्हणजे ती बरोबर आहे. −२ घातली तर लॉग (−२) व लॉग (−५) असे दोन अर्थहीन तुकडे हातीं येतात. एकत्र करतांना मात्र −२ व −५ यांचा गुणाकार १० झाला, आणि त्या गर्दींत हा परका पाहुणा घरांत शिरला. दुसरें उदाहरण याच्या उलट आहे: क्षच्या वर्गाचा लॉग = २. येथें अट न पाहतां ‘२ लॉग क्ष = २’ असें लिहिलें तर क्ष = १० एवढेंच उत्तर मिळतें, आणि −१० हें तितकेंच खरें उत्तर घराबाहेर राहतें. एका ठिकाणीं खोट्याला आंत घेतलें, दुसऱ्या ठिकाणीं खऱ्याला बाहेर काढलें. आणि दोन्ही वेळां विद्यार्थी प्रामाणिकपणें म्हणतो कीं, ‘मीं सूत्रच तर वापरलें!’

हा खळगा लहान मुलांपुरताच आहे असें नव्हे. १७१२-१३ सालीं लायब्निट्स आणि योहान बर्नुली या दोन थोर गणित्यांत ऋण संख्यांच्या लॉगरिथमविषयीं पत्रद्वारा मोठा वाद झाला. ऋण संख्येचा लॉगरिथम तिच्या जोडीच्या धन संख्येइतकाच असतो, असें बर्नुली यांचें मत होतें. लायब्निट्स यांस तें मान्य नव्हतें. बर्नुलींच्या पक्षानें मांडतां येण्याजोगा एक युक्तिवाद वरच्याच सूत्राचा आहे: −अ व अ यांचे वर्ग सारखे, म्हणून त्या वर्गांचे लॉगरिथम सारखे, म्हणून −अ च्या लॉगरिथमची दुप्पट व अ च्या लॉगरिथमची दुप्पट सारखी. लेओनार्ड ऑयलर यांनीं १७५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत या वादाचा उलगडा केला. हाच युक्तिवाद पुढें नेला तर वजा एकच्या वर्गमूळाचाही लॉगरिथम शून्य मानावा लागेल, आणि तें तर बर्नुली यांच्याच एका सिद्धांताशीं विसंगत आहे, हें त्यांनीं दाखविलें. काल्पनिक संख्या हिशेबांत घेतल्या म्हणजे शून्याखेरीज प्रत्येक संख्येला एक नव्हे तर अनंत लॉगरिथम असतात; धन संख्येच्या बाबतींत त्यांपैकीं एकच वास्तव असतो, व ऋण संख्येच्या बाबतींत एकही नसतो. ज्या सूत्राची मर्यादा ठरविण्यास एवढ्या बुद्धिमान माणसांस जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं, तें सूत्र मर्यादा गाळून मुलांच्या हातीं देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आतां पालकांच्या परिचयाच्या प्रांतांत येऊं. कोणी एकानें १,००० रुपये दरमहा शेंकडा ३ व्याजानें घेतले, आणि न दिलेलें व्याज दरमहा मुद्दलांत मिळवावयाचें ठरलें. वर्षाचें व्याज किती? बारा त्रिक छत्तीस, म्हणजे ३६० रुपये, असें उत्तर पुष्कळांच्या तोंडीं येईल. खरा हिशेब १·०३ ही संख्या बारा वेळां घेऊन गुणण्याचा आहे, आणि त्याप्रमाणें व्याज सुमारें ४२६ रुपये होतें. फरक एका वर्षांत थोडा दिसतो. पण पांच वर्षें कांहींच फेड झाली नाहीं तर ‘बारा त्रिक छत्तीस’ या हिशेबानें देणें २,८०० रुपये दिसतें, आणि खरें देणें सुमारें ५,८९२ रुपये होतें. घाताच्या जागीं गुणाकार ठेवणें हेंही एक सरळ रूपच, पण तें खोटें. आणि अशा खोट्या रूपावर विसंबल्यानें शेत व दागिने गमवावे लागतात. उलट खऱ्या सरळ रूपाचा उपयोग पाहा. शेंकडा ८ दरानें चक्रवाढ होणारी ठेव किती वर्षांत दुप्पट होईल? लॉग २ ला लॉग १·०८ नें भागावें. ०·३०१० ला ०·०३३४ नें भागिलें कीं सुमारें नऊ वर्षें हें उत्तर येतें. ज्या विद्येनें पहिला सांपळा ओळखतां येतो, तिनेंच दुसरा लाभही मोजतां येतो.

व्यस्त त्रिकोणमितीय फलांची गोष्ट याहून नाजूक आहे. ३० अंशांच्या कोनाचें साइन अर्धा. आतां उलट प्रश्न विचारूं: कोणत्या कोनाचें साइन अर्धा? ३० अंशांचें, १५० अंशांचें, ३९० अंशांचें. अशा कोनांस अंतच नाहीं. एका प्रश्नास एकच उत्तर असावें म्हणून गणित्यांनीं संकेत ठरविला आहे कीं, व्यस्त साइनचें उत्तर −९० ते ९० अंशांमधलें, व्यस्त कोसाइनचें ० ते १८० अंशांमधलें, आणि व्यस्त टॅनचें −९० व ९० यांच्या आंतील घ्यावयाचें. म्हणून १५० अंशांचें साइन काढून त्याचें पुन्हां व्यस्त साइन काढलें, तर १५० परत न येतां ३० अंश येतात. ‘एक क्रिया व तिची उलट क्रिया एकमेकींस खोडतात’ असें म्हणून जो विद्यार्थी १५० लिहितो, त्यानें अट विसरून उत्तर लिहिलें. १८१३ सालीं जॉन हर्शेल यांनीं रूढ केलेलें, साइनच्या डोक्यावर वजा एक ठेवण्याचें चिन्हही मुलांस चकवितें. घातांकाची सवय असलेला मुलगा त्याचा अर्थ ‘एक भागिलें साइन’ असा करितो; तो अर्थ तेथें मुळींच नाहीं.

क्रियांचा क्रमही ध्यानांत ठेवावा. कोणत्याही वास्तव संख्येइतका १० चा घात करून मग त्याचा लॉग काढला तर मूळ संख्या नेहमीं परत मिळते. पण प्रथम लॉग काढून मग तितका घात करावयाचा असेल, तर आरंभींची संख्या धनच असली पाहिजे. त्याचप्रमाणें −१ व १ यांच्या दरम्यानच्या संख्येचें व्यस्त साइन काढून मग साइन काढलें तर ती संख्या नक्की परत येते. क्रम उलटा केला तर कोन परत येईलच असा भरंवसा नाहीं. घरून निघून बाजारांत जाणें आणि बाजारांतून घरीं येणें यांची वाट एक असली, तरी बाजारांतून निघालेला प्रत्येक मनुष्य आपल्याच घरीं येत नाहीं.

आणखी एक उदाहरण घेऊं. दोन व्यस्त टॅनांच्या बेरजेचें सूत्र सर्वांस पाठ असतें: दोन संख्यांची बेरीज अंशस्थानीं, एक वजा त्यांचा गुणाकार छेदस्थानीं. या सूत्रानें व्यस्त टॅन २ व व्यस्त टॅन ३ यांची बेरीज करूं. अंश ५, छेद १ − ६ म्हणजे −५, भागाकार −१, व्यस्त टॅन −१ म्हणजे −४५ अंश. पण व्यस्त टॅन २ हा सुमारें ६३ अंशांचा कोन आहे, आणि व्यस्त टॅन ३ सुमारें ७२ अंशांचा. दोन धन कोन मिळवून ऋण कोन कसा येईल? खरी बेरीज १३५ अंश आहे. दोन्ही संख्या धन असतां त्यांचा गुणाकार एकाहून कमी असेल तरच हें सूत्र जसेंच्या तसें चालतें. तो एकाहून अधिक असेल तर उत्तरांत १८० अंश मिळवावे लागतात. तसे मिळविले कीं −४५ चे १३५ होतात, आणि त्यांत व्यस्त टॅन १ चे ४५ अंश घातले कीं बरोबर १८० अंशांचा सुंदर मेळ बसतो.

१८० अंशांची चूक म्हणजे नेमकी उलट दिशा. कोंकणांतील एखाद्या बंदरापासून एक होडी तीन मैल पश्चिमेस व तीन मैल उत्तरेस आहे असें समजा. पूर्वेकडील अंतर −३ व उत्तरेकडील अंतर ३, म्हणून गुणोत्तर −१. आतां तीन मैल पूर्वेस व तीन मैल दक्षिणेस असलेली एखादी वाडी घ्या. तिचेंही गुणोत्तर −१ च आहे. केवळ गुणोत्तराचें व्यस्त टॅन काढणारा दोहोंसही −४५ अंश, म्हणजे आग्नेय दिशाच सांगेल. होडी संकटांत असेल तर मदत समुद्राकडे न जातां जमिनीकडे जाईल! याच कारणासाठीं संगणकाच्या अनेक भाषांत दोन्ही अंतरें निरनिराळीं मागून घेणारें व्यस्त टॅनचें वेगळें फल ठेवलेलें असतें. ज्यांनीं तें योजिलें त्यांनीं अट विसरली नाहीं.

अटीसह सूत्र सांगण्याची शिस्त आपल्या देशांत नवी नाहीं. चौदाव्या शतकांत केरळांत होऊन गेलेल्या माधवाच्या परंपरेंत व्यस्त टॅनची अनंत श्रेढी ज्ञात होती. सोळाव्या शतकांत शंकर वारियर यांनीं ‘लीलावती’वर लिहिलेल्या ‘क्रियाक्रमकरी’ टीकेंत ती रीत श्लोकबद्ध दिली आहे. तेथेंच सांगितलें आहे कीं, भुजज्या व कोटिज्या यांतील जी लहान ती घ्यावी, नाहींतर कितीही वेळां कृति केली तरी पदें संपत येणार नाहींत. रीत व तिची मर्यादा एकत्रच पाठ व्हावी अशी ही व्यवस्था होती. युरोपांत जॉन मेचिन यांनीं १७०६ सालीं ४५ अंशांचा कोन हा व्यस्त टॅन एक-पंचमांशाच्या चौपटींतून व्यस्त टॅन एक भागिलें २३९ वजा केल्यानें मिळतो, हें दाखवून वर्तुळाच्या परिघाचें व्यासाशीं असलेलें गुणोत्तर शंभर दशांश स्थळांपर्यंत काढलें. त्या कृतींत प्रत्येक पायरीवर अट पाळली जाते, म्हणूनच तिचें फळ विश्वसनीय आहे.

यावर दोन आक्षेप आमच्या कानीं येतात. पहिला असा कीं, परीक्षेंत वेळ थोडा, अटी लिहीत कोण बसणार? त्यास आमचें उत्तर असें कीं, ‘क्ष धन असल्यामुळें’ एवढे शब्द लिहिण्यास अर्धी ओळ पुरते. खोटें उत्तर खोडून पुन्हां लिहिण्यास अर्धें पान लागतें. दुसरा आक्षेप असा कीं, आतां प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें गणकयंत्र आहे, तें सर्व करील. यंत्र आपल्यापुढें व्यस्त साइनचे ३० अंश ठेवील. पण तुमच्या त्रिकोणांत तो कोन ३० अंशांचा आहे कीं १५० अंशांचा, हें तें सांगणार नाहीं. तें ठरविणें ज्याच्या हातीं यंत्र आहे त्याचें काम आहे. यंत्रें जितकीं चपळ होतील, तितकें अट ओळखणाऱ्या माणसाचें महत्त्व वाढेल, कमी होणार नाहीं.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. विद्यार्थ्यांनीं सूत्रांची वही करतांना अट त्याच ओळींत, त्याच शाईनें लिहावी. सरळ रूप दिल्यावर एखादी सोयीची संख्या घालून दोन्ही राशी पडताळाव्या. समीकरण सोडविल्यावर प्रत्येक उत्तर मूळ समीकरणांत घालून पाहावें. शिक्षकांनीं अटीस स्वतंत्र गुण ठेवावे, आणि अट न लिहितां आलेल्या बरोबर उत्तरास पूर्ण गुण देऊं नयेत. यांत आमच्यासारख्यांनीं प्रथम पाऊल टाकिलें पाहिजे. पालकांनीं प्रगतिपत्रक हातीं घेतांना ‘किती मिळाले?’ या प्रश्नाबरोबर ‘हें खरें कशावरून?’ असाही एक प्रश्न मुलांस विचारावा. त्यासाठीं पालकांस लॉगरिथम येण्याची गरज नाहीं; मुलाचें उत्तर शांतपणें ऐकून घेण्याची मात्र आहे.

आमच्या शाळेंत दररोज सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं सत्य बोलावें असें आपण सर्व जण ऐकतों. गणिताच्या तासास तो उपदेश बाजूला ठेवण्याचें कांहीं कारण नाहीं. बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू खरोखरीच बरोबर आहेत, अशी साक्ष आपण तें चिन्ह लिहितांना प्रत्येक वेळीं देत असतों. ती साक्ष विचार करून द्यावी, आणि ती कोठपर्यंत खरी आहे हेंही त्याच ओळींत सांगावें, एवढीच आमची आमच्या विद्यार्थ्यांपाशीं मागणी आहे.